१३९ क्यूएमबी : एका नकलेचा इतिहास आणि एक बिघाड

२००८ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोलचा भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. आम्ही तिघे त्या वेळी तिथल्या एका विद्यापीठात पीएच.डी.नंतरचे संशोधन करीत होतो. तिघांत मिळून एक जुनी मोटार होती आणि तिची तहान आमच्या खिशाला परवडेनाशी झाली होती. त्याच सुमारास गावात एकाएकी छोट्या चिनी स्कूटर दिसू लागल्या. त्या स्वस्त होत्या, पेट्रोल कमी पीत आणि आमच्या राज्यात त्यांना मोटरसायकलचा वेगळा परवाना लागत नसे. कोणीतरी वर्षभर वापरून विकायला काढलेली एक स्कूटर आम्ही घेतली.

पंधरा दिवस ती बरी चालली. मग तिने एक विचित्र खोड दाखवायला सुरुवात केली. सकाळी ती पहिल्या झटक्यात सुरू होई, दहा-पंधरा मिनिटे छान पळे आणि सिग्नलला थांबलो की बंद पडे. मग कितीही प्रयत्न करा, सुरू होत नसे. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू!

ती जिथून आली होती ते दुकान बंद झाले होते. जवळच्या मोटरसायकल दुरुस्तीवाल्याने आमचे सगळे ऐकून घेतले आणि चिनी गाड्यांना आपण हात लावत नाही, असे नम्रपणे सांगितले. नाइलाजाने आम्ही घरीच पाना हातात घेतला. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही एक दुरुस्ती शिकलो आणि तिच्या पाठीमागचा इतिहासही थोडाफार शिकलो. एक समजल्याशिवाय दुसरे नीट समजत नाही, म्हणून येथे दोन्ही एकत्र मांडत आहोत.

नावातच माप

पहिला प्रश्न होता, ही स्कूटर बनवली कोणी? बाहेरच्या प्लास्टिकवर एक नाव होते. समोरच्या गल्लीत अगदी हीच स्कूटर होती, पण तिच्यावर दुसरेच नाव. म्हणजे हे नाव विकणाऱ्याचे, बनवणाऱ्याचे नव्हे. खरी ओळख सापडली ती इंजिनाच्या खालच्या भागावर, तेलकट मळ पुसल्यावर. तिथे धातूत उमटवलेली अक्षरे होती : १३९ क्यूएमबी.

ही चीनमधली इंजिनांना नावे देण्याची पद्धत आहे. पहिला आकडा सिलिंडरची संख्या सांगतो, म्हणजे १. त्यापुढचे ३९ म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. 'क्यू' म्हणजे पंख्याने हवा मारून थंड होणारे, 'एम' म्हणजे मोटरसायकलसाठीचे आणि शेवटचे अक्षर आकारमानाचा गट दाखवते. याच घराण्यातल्या मोठ्या भावंडांची नावे १५२ क्यूएमआय आणि १५७ क्यूएमजे अशी आहेत. त्यांचे व्यास किती असतील हे वाचकांनी आता स्वतःच सांगावे.

आठवी-नववीच्या वर्गात घेता येईल असे एक गणित येथे दडलेले आहे. सिलिंडरचा व्यास ३.९ सेंटिमीटर आणि पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी सुमारे ४.१५ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरले की उत्तर येते साधारण साडेएकोणपन्नास घनसेंटिमीटर. नेमके पन्नासच्या आत! हा योगायोग नव्हे. अनेक देशांच्या कायद्यांत ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीला परवान्याच्या, वयाच्या किंवा कराच्या सवलती आहेत. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलामुलींना जी दुचाकी चालवायची मुभा दिली, तिची मर्यादा ५० घनसेंटिमीटर हीच ठेवली होती. इंजिनाचा आकार अभियंता ठरवतो असे आपण मानतो. पण पुष्कळदा तो कायदा लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो.

त्या सहा चिन्हांचा आम्हाला फार मोठा उपयोग झाला. विक्रेता कोण, कारखाना कोणता, याला आता महत्त्व उरले नाही. १३९ क्यूएमबीचा पिस्टन म्हटले की कोणाकडचाही पिस्टन बसत होता. कार्बोरेटर, बेल्ट, इग्निशन कॉइल, सगळ्याचे तेच. हे कसे शक्य झाले?

बंदुकीच्या कारखान्यातून

कुठलाही सुटा भाग कुठल्याही यंत्रात बसावा, ही कल्पना प्रथम बंदुकीच्या कारखान्यात रुजली. १७८५ मध्ये पॅरिसजवळ ऑनोरे ब्लां या कारागिराने बंदुकीच्या चापाचे भाग वेगवेगळ्या ढिगांतून हाताला येतील तसे उचलून जोडून दाखवले. ते पाहणाऱ्यांत थॉमस जेफरसन होते आणि त्यांनी ही हकीकत पत्राने अमेरिकेला कळवली होती. चिनी दुचाकीचा इतिहासही, गंमत म्हणजे, बंदुकीच्या कारखान्यातूनच सुरू होतो.

चीनच्या अंतर्भागात यांगत्से नदीच्या काठी चोंगचिंग हे डोंगराळ शहर आहे. जपानबरोबरच्या युद्धात, १९३७ नंतर, ते चीनची तात्पुरती राजधानी झाले आणि किनाऱ्याकडचे शस्त्रास्त्रांचे कारखाने तिथे हलवण्यात आले. १९६० च्या दशकात युद्धाच्या भीतीने आणखी कारखाने अशा आतल्या भागात नेले गेले. १९७८ नंतर चीनने आर्थिक धोरण बदलले, लष्करी मागणी घटली आणि या कारखान्यांना सांगण्यात आले, की आता लोकांच्या उपयोगाचे काहीतरी बनवा. दारूगोळा बनवणारा च्यालिंग आणि रायफली बनवणारा च्यानशे हे दोन्ही कारखाने मोटरसायकलींकडे वळले. च्यालिंगने होंडाचे आणि च्यानशेने यामाहाचे तांत्रिक साहाय्य घेतले.

त्या काळी जपानी कंपन्यांनी जी इंजिने दिली, त्यांतले एक आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात होंडाने सीजी १२५ नावाची मोटरसायकल काढली. विकसनशील देशांत गाडीवर जास्त ओझे लादले जाते, रस्ते धुळीचे असतात आणि तेल वेळेवर बदलले जाईलच असे नाही, हे पाहणी करून गृहीत धरलेले होते. म्हणून झडपा हलवण्यासाठी साखळीऐवजी जुन्या पद्धतीचे दांडे वापरले. म्हणजे देखभाल होणारच नाही, असे समजून केलेली ही रचना होती! चीनमध्ये या इंजिनाच्या अगणित नकला झाल्या.

आमच्या स्कूटरचे कूळ मात्र तैवानचे. तिथली क्वांग यांग ही कंपनी १९६३ साली होंडाच्या साहाय्याने उभी राहिली. पुढे ती किमको या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या 'जीवाय सिक्स' या स्कूटर इंजिनाची नक्कल मुख्य भूमीवरच्या कारखान्यांनी केली आणि १३९, १५२, १५७ ही सगळी त्याचीच प्रजा. पट्ट्यावर चालणारी, गिअर न बदलता वेग बदलणारी ही रचना आपल्याला परकी नाही. १९८४ साली कायनेटिक आणि होंडा यांच्या भागीदारीतून आलेली बिनगिअरची स्कूटर ज्यांनी चालवली आहे, त्यांना फिरणाऱ्या चाकातले रोलर बाहेर फेकले जाऊन पट्टा वर कसा चढतो, हे ठाऊक असेल.

नकलेची रचना

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण येथे नक्कल एकाने केली नाही, शेकडोंनी केली आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली.

मोठ्या कारखान्यांनी सुटे भाग बनवायला लहान कारखानदारांना आराखडे दिले. ते लहान कारखानदार तोच भाग दुसऱ्यालाही विकू लागले. १९९० च्या दशकात चोंगचिंगमध्ये लिफान, झोंगशेनसारख्या खासगी कंपन्या निघाल्या. झोंगशेनचे संस्थापक स्वतः पूर्वी मोटरसायकल दुरुस्त करणारे होते. बाजारात सगळे भाग मिळत असतील तर ते आणून जोडायचे आणि आपले नाव लावायचे, एवढेच उरते. मात्र त्यासाठी सर्वांचे भाग एकमेकांत बसले पाहिजेत. कोणतीही समिती न बसता, कोणतेही मानक न छापता, जपानी आराखड्यातली मापे सगळ्या बाजाराची मापे झाली.

ताकाहिरो फुजिमोतो आणि गे दोंगशेंग या अभ्यासकांनी या स्थितीला 'अर्धखुली रचना' अशा अर्थाचे नाव दिले आहे. तिचे फायदे उघड होते. किंमत झपाट्याने उतरली आणि उत्पादन वाढले. १९९३ मध्ये चीनने मोटरसायकलींच्या उत्पादनात जपानला मागे टाकले. २००० च्या आसपास स्वस्त चिनी दुचाकींनी व्हिएतनामची बाजारपेठ काबीज केली, तेव्हा तिथे होंडाला २००२ मध्ये चिनी सुटे भाग वापरून स्वस्त गाडी काढावी लागली. २००१ मध्ये तर खुद्द चीनमध्ये होंडाने, आपल्या गाड्यांची नक्कल करणाऱ्या हायनानच्या एका कंपनीशी भागीदारी केली.

तोटाही याच अभ्यासकांनी दाखवला आहे. प्रत्येक जण तोच भाग आणखी स्वस्त करण्याच्या मागे लागला. हा भाग असाच का आहे, हा व्यास एवढाच का, ही फट एवढीच का, हे विचारण्याची कोणाला गरजच पडली नाही. आराखडा सर्वांना मिळाला, त्यामागची कारणे मूळ घरीच राहिली. त्यामुळे पूर्ण नवे इंजिन घडवण्याची ताकद फार थोड्या कारखान्यांत आली. पुढे चीनच्या शहरांनी मोटरसायकलींवर बंदी घालायला सुरुवात केली. क्वांगचौ शहराने ती २००७ पासून पूर्ण अमलात आणली. शहरात विजेवरच्या दुचाकी आल्या आणि पेट्रोलच्या छोट्या स्कूटर मोठ्या प्रमाणावर परदेशी निघाल्या. त्यांतलीच एक आमच्या दारात उभी होती.

बिघाडाचा शोध

पेट्रोलचे इंजिन चालायला चार गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. शिवाय त्या योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात लागतात. इंजिन बंद पडले म्हणजे या चारपैकी काहीतरी बिनसले. एवढी साधी चौकट हाताशी असताना आम्ही काय केले?

पहिला संशय आला कार्बोरेटरवर. स्कूटर हिवाळाभर पडून होती. पेट्रोल महिनोन्महिने साचून राहिले की त्याचा चिकट थर होतो आणि स्लो जेटचे भोक बुजते. ते भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. तर्क वाईट नव्हता. पण जेट उघडून उजेडासमोर धरण्याऐवजी आम्ही सरळ नवा कार्बोरेटर मागवला. तो इतका स्वस्त होता, की जुना साफ करण्यात वेळ का घालवा, असे वाटले. बसवला. दहा मिनिटांनी सिग्नलला स्कूटर बंद!

दुसरा संशय आपोआप चालणाऱ्या चोकवर. हा भाग मोठा सुंदर आहे. त्यात मेणाची एक डबी असते. इंजिन सुरू झाले की तिच्याभोवतीच्या तापकात वीज जाते, मेण तापून प्रसरण पावते आणि एक सुई पुढे ढकलते. त्यामुळे थंड इंजिनाला मिळणारे जादा पेट्रोल काही मिनिटांत बंद होते. मेण हललेच नाही तर गरम इंजिनाला जादा पेट्रोल मिळत राहील आणि ते गुदमरेल. हाही तर्क लक्षणांशी जुळत होता. तपासणे सोपे होते : सुईची लांबी मोजा, बारा व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे जोडा, पुन्हा मोजा. व्हर्निअर कॅलिपर आमच्याच प्रयोगशाळेत पडलेला होता. आम्ही तेही केले नाही. नवा चोक आणला, मग नवी इग्निशन कॉइल आणली, कारण कॉइल गरम झाल्यावर दगा देते असे कोणीतरी सांगितले. स्कूटर होती तशीच.

एका संध्याकाळी आमच्यातल्या एकाने वैतागून विचारले, की प्रयोगशाळेत एखादे उपकरण बिघडले असते तर आपण असेच केले असते का? उत्तर सगळ्यांना माहीत होते. आम्ही एक वही घेतली, तिच्यात चार रकाने आखले आणि ठरवले, की आता मोजल्याशिवाय काहीही बदलायचे नाही. लक्षण गरम असतानाच दिसते, तर प्रत्येक गोष्ट थंड आणि गरम अशी दोनदा तपासायची.

ठिणगी दोन्ही वेळा ठीक होती. पेट्रोल दोन्ही वेळा येत होते. हवा आत नेणारी रबरी नळी कुठे तडकलेली नव्हती. राहिला दाब. दाबमापक उसना आणला, प्लगच्या जागी बसवला आणि इंजिन फिरवले. थंड असताना वाचन बरे होते. गरम असताना ते जवळजवळ निम्म्यावर आले. दोन महिन्यांत प्रथमच स्कूटरने आम्हाला काहीतरी स्पष्ट सांगितले होते.

दाब कमी होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे झडप पूर्ण न मिटणे. झडपेचा दांडा आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात बारीकशी फट ठेवलेली असते. आपले मेकॅनिक तिच्या जुळणीला 'टॅपेट सेट करणे' म्हणतात. आमच्या पुस्तिकेत ती ०.१ मिलिमीटर दिली होती, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. ही फट कशासाठी? समजा, झडपेची लांबी ६० मिलिमीटर आहे आणि ती २०० अंश सेल्सिअसने तापली. पोलादाचा प्रसरणांक ०.०००००१२ नव्हे, ०.००००१२ धरला तर झडप सुमारे ०.१४ मिलिमीटरने लांबते. भोवतालचे हेडही प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका सरळ नाही. पण कागदाच्या जाडीएवढी फट का लागते, हे यावरून कळते. नव्या इंजिनात पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झडप आपल्या बैठकीत किंचित रुतते आणि ही फट कमी होते. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये ती पुन्हा जुळवायची असते. आमच्या स्कूटरचे पहिले सर्व्हिसिंग कधी झालेच नव्हते.

टॅपेट पाहण्यातही आम्ही एकदा चुकलो. मॅग्नेटवरची 'टी' ही खूण जुळवली की पिस्टन वर असतो. पण चार फटक्यांच्या इंजिनात एका आवर्तनात मॅग्नेट दोनदा फिरतो, म्हणून ही खूण दोनदा जुळते. त्यांतली एक वेळ दाबाची, दुसरी धूर बाहेर टाकण्याची. दुसऱ्या वेळी झडपा हलत असतात, तेव्हा मापून उपयोग नाही. फाटक्या चार्टवर वर्षानुवर्षे शिकवलेले चार फटके आम्हाला त्या रात्री खऱ्या अर्थाने समजले. योग्य वेळ साधून फिलर गेजचे सर्वांत पातळ, ०.०५ मिलिमीटरचे पाते एग्झॉस्ट झडपेच्या फटीत घालून पाहिले. ते आत जाईना. फट नव्हतीच!

इंजिन पूर्ण थंड असताना नट सैल केला, स्क्रू अंशभर मागे घेतला, ०.१ चे पाते हलके घासत सरकेल इतकी फट ठेवली आणि नट आवळला. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी स्कूटर सिग्नलला उभी राहून शांतपणे चालत होती.

काय चुकले, काय साधले

आमचे तीनही तर्क शक्य कोटीतले होते. चूक तर्कात नव्हती. तर्क तपासून पाहण्याऐवजी आम्ही भाग बदलत गेलो आणि तसे करता आले, कारण भाग स्वस्त होते व हमखास बसत होते. ज्या इतिहासाने ही स्कूटर घरी दुरुस्त करण्याजोगी केली, त्याच इतिहासाने आम्हाला विचार टाळायची सवय लावली. त्या कारखान्यांचेही थोडेफार हेच झाले होते. मात्र त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला उरला नाही, कारण आम्ही तर शिकलेले संशोधक होतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चुका करण्याची संधी आम्हाला मिळाली, तीच मुळी त्या खुल्या मापांमुळे. इंजिनावर उमटवलेल्या सहा चिन्हांवरून तीन परके माणसे हवा तो भाग मिळवू शकली. आज आपल्याकडे एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनंतर बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा संगणकाने चालणाऱ्या इंधन फवाऱ्याने घेतली आहे. त्यामुळे हवा स्वच्छ राहण्यास मदत होते, यात शंका नाही. परंतु गाडीला काय झाले हे आता ती एका विशिष्ट यंत्रालाच सांगते आणि ते यंत्र कोणाच्या हाती आहे, यावर दुरुस्ती अवलंबून राहते. टॅपेट मात्र अजूनही टॅपेटच आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत बंद पडलेली सायकल, पंखा, घंटा, मिक्सर यांतले काहीतरी असतेच. विजेची वस्तू असेल तर प्लग काढूनच काम करावे. इंजिन कधीही बंद खोलीत चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ठिणगी पाहताना जवळ पेट्रोल उघडे नसावे. एवढी काळजी घेऊन मुलांसमोर एक वही ठेवावी आणि चार रकाने आखावेत : काय दिसते, काय असू शकेल, ते कसे तपासायचे, तपासल्यावर काय आढळले. चौथा रकाना भरल्याशिवाय कोणीही पाना उचलायचा नाही.

भारतात परत येताना आम्ही ती स्कूटर एका नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला दिली. सीटखालच्या खणात जुना कार्बोरेटर, जुना चोक, जुनी कॉइल, सगळे चांगल्या स्थितीत होते. त्यांच्याबरोबर ती वहीही ठेवली.